नदीकाठची बंद पडलेली बाग

मागच्या बैठकीत आमच्या गटात विषय निघाला. नदीकाठच्या देवळापाशी सुट्टीत गर्दी होते, मग कर्ज काढून तिथे मुलांसाठी पाळणे आणि होड्या घ्यायच्या का? तेव्हा आम्ही अशाच एका बंद पडलेल्या बागेची माहिती काढली. ती आहे जर्मनीत, बर्लिन शहरात, श्प्रे नदीच्या काठी. नाव श्प्रेपार्क.

बाग 2001 साली बंद झाली आणि सामान तिथेच पडून राहिलं. पुढे वाटाड्याबरोबर लोकांना आत नेऊ लागले. 45 मीटर उंच आकाशपाळणा वाऱ्यानेच करकरत फिरायचा. हंसाच्या आकाराच्या होड्या गवतात रुतल्या होत्या. मोठाले डायनासोर आडवे पडले होते. गाडीच्या रुळांवर झुडपं माजली होती.

हे असं का झालं? 1969 मध्ये पूर्व जर्मनीच्या सरकारने ही बाग काढली. वर्षाला 17 लाखांपर्यंत माणसं यायची, कारण त्या देशात अशी कायमची बाग ही एकच होती. 1990 मध्ये दोन्ही जर्मनी एक झाले आणि त्यानंतर बाग खासगी चालकाकडे गेली. त्याने नवे खेळ आणले, तिकीट वाढवलं. पण भोवतालचं जंगल संरक्षित झाल्याने गाड्या लावायला जागा पुरेना. लोकांना जायला दुसरी ठिकाणंही झाली. गिऱ्हाईक 4 लाखांवर आलं आणि कर्ज 1 कोटी युरोच्या पुढे गेलं.

2002 मध्ये चालक सहा खेळ घेऊन पेरू देशात गेला. तिथेही जम बसला नाही. परत पाठवायच्या एका पाळण्याच्या खांबात अमली पदार्थ सापडले आणि तो तुरुंगात गेला. 2014 मध्ये शहराने जागा परत घेतली. आकाशपाळणा दुरुस्तीसाठी 2021 मध्ये उतरवला.

मैत्रिणींनो, पाळणा विकत घेतला तरी गिऱ्हाईक विकत मिळत नाही. हप्ता मात्र दर महिन्याला येतो. पावसाळ्यात नदी भरली की होड्या बंद, हप्ता चालूच. म्हणून आम्ही ठरवलं, तीन महिने दर रविवारी किती माणसं येतात, किती मुलं असतात, गाड्या कुठे लावतात, हे वहीत लिहायचं. तोवर कर्ज न काढता भजी-चहाची टपरी चालवून बघायची. वही भरली की कर्जाचा विषय पुन्हा बैठकीत घेऊ. तुमच्या गटात असा विषय निघाला, तर आधी वही काढा.