जगलेल्या बालकाचे पुढे काय?

गडचिरोली जिल्ह्याने साऱ्या देशाला एक मोलाचा धडा दिला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांतील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांच्या हातून घरोघर नवजात बालकांची शुश्रूषा करविली. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरले. पुढे २०११ पासून आशा कार्यकर्तींच्या गृहभेटींच्या रूपाने हीच पद्धत देशभर स्वीकारली गेली. बालक जगले, ही थोर गोष्ट झाली. परंतु जगलेल्या बालकाचे मन कसे वाढते, हा प्रश्न अद्याप आपण पुरेशा गांभीर्याने विचारलेला नाही.

बालकाला दुधाइतकीच मायेच्या सान्निध्याची गरज असते, हे जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या १९५१ च्या अहवालात प्रतिपादन केले होते. तान्हे मूल हुंकार देते, आई त्याला उत्तर देते. या देवघेवीतूनच भाषा, विश्वास आणि बुद्धी आकार घेतात. जमैकात १९८० नंतरच्या दशकात वाढ खुंटलेल्या १२९ बालकांचा अभ्यास झाला. त्यांतील काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्यास तासभर जात व घरातल्याच टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांनी मुलाशी कसे खेळावे, हे आईला दाखवीत. सुमारे वीस वर्षांनी या मुलांची कमाई, अशा भेटी न लाभलेल्या तशाच मुलांपेक्षा २५ टक्क्यांनी अधिक असल्याचे दिसून आले. एवढ्या अल्प साधनांचे एवढे दूरगामी फळ विरळाच.

याचा अर्थ आदिवासी मातेला वात्सल्य शिकवावयास निघावे, असा मुळीच नव्हे. मूल अंगाशी बांधून वावरणाऱ्या त्या माउलीकडून शहरानेच काही शिकावे. तिच्यापाशी उणीव आहे ती वेळेची आणि विश्रांतीची. चैत्रात पहाटे मोह वेचावयाचा, वैशाखात तेंदूपाने तोडावयाची, पावसाळ्यात धानाची रोवणी करावयाची. मग तान्हे मूल आजीपाशी किंवा सातआठ वर्षांच्या बहिणीपाशी राहते. त्या बहिणीची शाळाही तेथेच बुडते. अशा घरी ‘मुलाशी खेळा, बोला’ असा नुसता उपदेश करणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय.

वस्तुतः सोय निर्माण झालेली आहे. २०१८ पासून तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात आशा कार्यकर्तीने घरी जावे, अशी योजना असून बालविकासाचा विषय तीत समाविष्ट आहे. तथापि वजनाचा आकडा वहीत लिहिता येतो. आईच्या हसण्याला मुलाने दिलेला प्रतिसाद लिहिण्यासाठी वहीत रकाना नसतो. ज्याची नोंद नाही त्याची विचारपूस नाही, हा आपल्या कार्यालयांचा जुना नियम आहे.

म्हणून तीन गोष्टी कराव्यात. भामरागड-एटापल्लीत ही भेट माडियात, तर जिवतीच्या डोंगरात कोलामीत व्हावी. अंगाईची भाषा बदलून मायेचे शिक्षण देता येत नाही. भेटीच्या वेळी आजी, बाप आणि थोरले भावंड यांनाही जवळ बसवावे, व हंगामात गावोगावी पाळणाघर चालवावे. तिसरे म्हणजे, बाळंतपणानंतर उदास, अबोल झालेल्या आईची चौकशी आपुलकीने करावी आणि गरज पडल्यास तिला उपचारापर्यंत पोहोचवावे. खचलेल्या मनाने बाळाच्या हुंकाराला साद घालणे कठीण असते.

मृत्यू हटविण्यासाठी गावातलीच एक स्त्री पुरेशी ठरू शकते, हे याच अरण्यप्रदेशाने दाखवून दिले. तिच्या झोळीत आता तराजू आणि थर्मामीटरसोबत एक खुळखुळा ठेवावयाचा आहे. तो वाजविण्यासाठी लागणारा अर्धा तास तिच्या कामात धरावा आणि त्याचा योग्य मोबदला तिला द्यावा, एवढे औदार्य शासनाने दाखविले पाहिजे.