श्वासाचा जमाखर्च



पेढीवर मालाची आवक-जावक, तूट व घट यांचा हिशेब आपण काटेकोरपणे ठेवतो. परंतु त्या मालाबरोबर उडणारी धूळ कोणाच्या छातीत जाऊन बसते, याची नोंद कोणत्याही खतावणीत होत नाही. बेळगावच्या वडगाव भागातील विणकरांचे माग आणि निपाणीतील तंबाखूच्या वखारी यांवर या सीमाभागातील हजारो कुटुंबे पोसली गेली. दोन्ही धंद्यांत धूळ आहे; म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम आपल्यापुढे मांडीत आहोत.

हवेतील मोठे कण बहुधा नाकातच अडतात. अडीच मायक्रॉनहून लहान कण मात्र थेट फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तंबाखू कुटताना व चाळताना उडणाऱ्या भुकटीत निकोटीनही असते. ते श्वासावाटे तसेच त्वचेतून शरीरात जाते. सुती धाग्याच्या कामात कापसाची धूळ वर्षानुवर्षे घेणाऱ्यास बिसिनोसिस नावाचा विकार जडतो. साप्ताहिक सुटीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे, ही त्याची खूण होय. आरंभी हा त्रास ओसरतो. दुर्लक्ष केल्यास कायमचा होतो.

विडी व सिगार कामगारांविषयीचा कायदा १९६६ साली झाला, तेव्हाच कामाच्या जागी हवा खेळती ठेवण्याची जबाबदारी मालकावर आली. परंतु केवळ कायद्याच्या धाकाने हे काम होणारे नाही. मालकाची गादीही बहुधा वखारीला लागूनच असते, आणि धूळ मालक-मजूर असा भेद करीत नाही.

उपाय साधे आहेत. कोरड्या केरसुणीने झाडू नये. जमीन ओलसर करून मग केर काढावा. धूळ जेथे उठते तेथूनच ती ओढून घेणारा पंखा बसवावा व त्याच्या तोंडाशी कापडी गाळणी लावावी, अन्यथा आपली धूळ शेजाऱ्याच्या घरात जाईल. तोंडाला बांधलेल्या रुमालाने बारीक कण अडत नाहीत. चाळणीवर काम करणाऱ्यांस चेहऱ्यावर घट्ट बसणारे मुखवटे पुरवावेत. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास सरकारी रुग्णालयात थुंकीची तपासणी विनामूल्य होते. त्या दिवसाची मजुरी मात्र कापू नये; मजुरी बुडेल या भीतीनेच अनेकजण तपासणी पुढे ढकलतात.

आहारदान व औषधदान ही आपल्या परंपरेतील दाने आहेत. ९ सप्टेंबर २०२२ रोजी आरंभ झालेल्या क्षयमुक्त भारत अभियानात व्यक्तीस वा संस्थेस 'निक्षय मित्र' होऊन क्षयरुग्णास पोषक शिधा देता येतो, असे ठरले. अशा शिध्याचे मोल संशोधनानेही दाखविले आहे. झारखंडमधील अभ्यासात रुग्णांच्या घरच्या माणसांना पोषक शिधा दिल्यावर त्यांच्यातील नव्या क्षयरोगाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले.

दिवाळीत वहीपूजनापूर्वी वखार स्वच्छ करण्याची आपली रीत आहे. यंदा ती पाणी शिंपडून स्वच्छ करावी, आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर पंखा, मुखवटे व एका रुग्णाचा शिधा यांचा खर्च मांडावा, अशी आमची नम्र विनंती आहे.