कर्ज आणि अपराध : एका जर्मन शब्दाची कुळकथा

जर्मन भाषेत कर्ज आणि अपराध या दोन्ही कल्पनांना एकच शब्द आहे. 'शुल्ड' हा तो शब्द. एकवचनी योजला की त्याचा अर्थ बहुधा दोष किंवा अपराध असा होतो. 'शुल्डन' असे अनेकवचन केले की देणी, कर्जे. चुकून कोणाला धक्का लागला तर जर्मन माणूस 'एन्टशुल्डिगुंग' म्हणून क्षमा मागतो. त्याचा मूळ अर्थ दोषातून मोकळे करणे. आणि कर्जबाजारी माणसाला देण्यातून सोडविले तर त्या व्यवहाराला 'एन्टशुल्डुंग' म्हणतात. दिलगिरी आणि ऋणमोचन यांत एवढेच काय ते अंतर! २०१० नंतर ग्रीसच्या कर्जावरून युरोपात जे वादंग माजले, त्या काळात या शब्दाची चर्चा अर्थतज्ज्ञांपासून वृत्तपत्रांपर्यंत सर्वत्र झाली. शब्दांच्या व्युत्पत्तीशी राष्ट्रांच्या भवितव्याचा संबंध जोडण्याचा प्रसंग क्वचित येतो. म्हणूनच हे प्रकरण मुळापासून पाहण्यासारखे आहे.

'शुल्ड'चा धातू जुन्या जर्मानिक भाषांत 'देणे लागणे' या अर्थाचा होता. इंग्रजीतील 'शॅल' आणि 'शूड' ही साहाय्यक क्रियापदे त्याच कुळातील. आज ती भविष्यकाळ वा कर्तव्य दाखवितात. पण मुळात 'मी अमुक करीन' या वाक्याचा अर्थ 'मी ते देणे लागतो' असा होता. नॉर्स पुराणांत मनुष्याचे भाग्य ठरविणाऱ्या तीन देवतांपैकी एकीचे नाव 'स्कुल्ड' आहे. जे घडणारच आहे, ते जणू फेडावयाचे राहिलेले देणे! डच आणि स्वीडिश भाषांनी दोन्ही अर्थ एकाच शब्दात आजही जपले आहेत. डॅनिश भाषेने मात्र वाटणी केली : दोषाला 'स्क्युल्ड' आणि कर्जाला वेगळा 'गेल्ड'.

लॅटिन कुळाने वेगळी वाट धरली. तेथील 'देबेरे' या क्रियापदाचा मूळ अर्थ दुसऱ्याचे आपल्यापाशी ठेवून घेणे. त्यातून फ्रेंच 'देत', स्पॅनिश 'देउदा' आणि इंग्रजी 'डेट' हे कर्जवाचक शब्द आले. आणि त्यातूनच फ्रेंच 'देव्वार', इटालियन 'दोव्हेरे' हे कर्तव्यवाचक शब्दही आले. रशियन भाषेतील 'दोल्ग' या शब्दातही कर्ज आणि कर्तव्य एकत्र नांदतात. ग्रीकांचा 'ख्रेओस' हा शब्दही तसाच : देणे आणि कर्तव्य. म्हणजे युरोपच्या भाषांचे येथे स्थूलमानाने दोन पक्ष पडतात. एका पक्षाच्या दृष्टीने ऋणको हा कर्तव्याने बांधलेला मनुष्य, तर दुसऱ्याच्या दृष्टीने दोषी मनुष्य. पहिल्याकडून फेडीची अपेक्षा असते. दुसऱ्याकडून फेडीबरोबर पश्चात्तापाचीही.

या गुंत्यात धर्माचाही हात आहे. येशूने शिकविलेली प्रार्थना मत्तयाच्या शुभवर्तमानात 'आमची ऋणे सोड' अशा अर्थाने येते, तर लूकच्या शुभवर्तमानात त्याच जागी पापांचा उल्लेख येतो. येशूच्या अरामी भाषेत ऋण आणि पाप यांना एकच शब्द होता, हे त्याचे कारण मानले जाते. ल्यूथरला जर्मन भाषांतर करताना अडचण पडली नाही, कारण 'शुल्ड' हा शब्द दोन्ही अर्थांसह हाताशी होता. मराठी बायबलनेही मत्तयाला अनुसरून 'ऋण' हाच शब्द ठेवला आहे. पुढे १८८७ मध्ये नित्शेने नीतिकल्पनांच्या कुळाचा शोध घेताना अपराधाची भावना ही धनको-ऋणको व्यवहारातूनच जन्मली, असा सिद्धान्त मांडला. त्याचा एक आधार हाच शब्द होता.

परंतु कर्जाच्या व्यवहारात दोन पक्ष असतात, आणि भाषा दुसऱ्याविषयीही काही सांगते. कर्ज देणाऱ्याला जर्मनमध्ये 'ग्लॉयबिगर' म्हणतात, आणि त्या शब्दाचा दुसरा अर्थ श्रद्धावान असा आहे. 'क्रेडिट' हा शब्दही लॅटिनमधील विश्वासवाचक क्रियापदातून आला. संस्कृत 'श्रद्धा' त्याचीच सगोत्र. उसने देणारा विश्वास ठेवतो. मग तो विश्वास अविचाराने ठेवला असेल, तर दोष एकट्या घेणाऱ्याचा कसा?

ग्रीसच्या बाबतीत हाच प्रश्न होता. ग्रीक सरकारांनी बेसुमार उधळपट्टी केली, आकडे लपविले, हे खरे. मे २०१० मध्ये ११० अब्ज युरोंचे पहिले साहाय्य मंजूर झाले. परंतु त्यातील मोठा भाग जुन्या धनकोंची देणी भागविण्यात गेला, आणि त्या धनकोंत फ्रेंच व जर्मन बँकाही होत्या. साहाय्याबरोबर काटकसरीच्या कठोर अटी आल्या. २०१३ मध्ये ग्रीसमधील बेकारी २७ टक्क्यांवर गेली. ५ जुलै २०१५ च्या सार्वमतात ६१ टक्के मतदारांनी त्या अटींना नकार दिला, आणि त्यानंतर काही दिवसांतच त्यांच्या सरकारला तशाच अटी स्वीकाराव्या लागल्या.

यात विसरली गेलेली गोष्ट अशी की, जर्मनीही एके काळी याच जागी उभी होती. २७ फेब्रुवारी १९५३ रोजी लंडनमध्ये झालेल्या कराराने पश्चिम जर्मनीचे परकीय कर्ज सुमारे निम्म्याने कमी करण्यात आले. सवलत देणाऱ्या देशांत ग्रीसही होता. काही व्याजाची फेड तर जर्मनीच्या एकीकरणापर्यंत पुढे ढकलली गेली. तिचा शेवटचा हप्ता ३ ऑक्टोबर २०१० रोजी, म्हणजे ग्रीसला कर्जाच्या नीतीचे पाठ दिले जात असतानाच, चुकता झाला. महायुद्धाचा अपराध निर्विवाद असतानाही १९५३ मध्ये धनकोंनी अपराधाचा आणि कर्जाचा हिशेब वेगळा ठेवला. जर्मनीच्या पुढील उत्कर्षाला या शहाणपणाचा मोठा हातभार लागला.

अर्थात, केवळ शब्दामुळे धोरण ठरते असे मानणे भाबडेपणाचे होईल. फिनलंडच्या भाषेत कर्ज आणि अपराध यांचे शब्द वेगळे आहेत. तरी २०११ मध्ये ग्रीसकडून तारण मागण्यात तो देश आघाडीवर होता. शब्द धोरण घडवीत नाही. पण आधीच ठरलेल्या धोरणाला नीतीचा पोशाख चढविण्याचे काम तो चोख बजावतो. म्हणून तो पारखून घ्यावा लागतो.

मराठीलाही ही पारख टाळता येणार नाही. आपले 'ऋण' देव, ऋषी आणि पितरांचे असते. त्यात दोषापेक्षा कृतज्ञता अधिक. अरबीतून आलेले 'कर्ज' हा व्यवहाराचा शब्द. मात्र त्याला 'माफी' जोडली की अपराधाचा वास येतो, कारण माफी गुन्ह्याला असते. केंद्राच्या २००८ च्या योजनेला मराठीत सर्रास 'कर्जमाफी' म्हटले गेले. महाराष्ट्र शासनाने २०१९ मध्ये महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने आणलेल्या योजनेत 'कर्जमुक्ती' हा शब्द योजला. नुसत्या नावाने शेतकऱ्याचे देणे हलके होत नाही, हे खरे. तथापि, कारखानदाराचे बुडीत कर्ज बँकेच्या वहीत 'निर्लेखित' होते आणि शेतकऱ्याचे 'माफ' होते. निर्लेखनानंतरही वसुलीचा हक्क उरतो, हा तांत्रिक भेद मान्य केला, तरी एकाची गणना हिशेबात आणि दुसऱ्याची दयेत व्हावी, यातील विषमता लपत नाही. पीक बुडाले, भाव कोसळले, की देणे थकते. त्याची कारणे तपासावयाची की थकविणाऱ्याला दोषी ठरवून मोकळे व्हावयाचे, हा निर्णय पुष्कळदा शब्द निवडतानाच होऊन गेलेला असतो.