पाकिस्तानी स्त्रिया आणि सत्तेची पदे: गैरसमज व वस्तुस्थिती

पाकिस्तानच्या राज्यघटनेनुसार राष्ट्राध्यक्ष मुस्लिम असावा लागतो. तो पुरुषच असावा असे मात्र ती कुठेही म्हणत नाही. पंतप्रधान, मुख्यमंत्री, राज्यपाल, न्यायाधीश यांपैकी एकही पद तिने स्त्रियांना नाकारलेले नाही. उलट १९७३च्या या घटनेचे पंचविसावे कलम लिंगाच्या कारणावरून भेदभाव करायला मनाई करते आणि चौतिसावे कलम राष्ट्रजीवनाच्या सर्व क्षेत्रांत स्त्रियांचा पूर्ण सहभाग व्हावा यासाठी पावले उचलायला सांगते. तरीही या विषयावर दोन टोकांच्या समजुती ऐकू येतात. तिथे बाईला उंबरठा ओलांडू देत नाहीत, ही एक. बेनझीर भुट्टो पंतप्रधान झाल्या म्हणजे सगळे आलबेल आहे, ही दुसरी. अडथळे आहेत आणि ते मोठे आहेत, पण धर्मग्रंथात शोधायला गेल्यास ते क्वचितच सापडतात. नेमणुकीच्या पद्धतीत, पक्षाच्या यादीत आणि मतदान केंद्राच्या दारात पाहिले तर लगेच दिसतात.

समज: सुरुवात बेनझीर भुट्टोंपासून झाली

१९४७मध्ये पाकिस्तानची पहिली संविधान सभा बसली तेव्हा तिच्यात दोन स्त्रिया होत्या: जहाँआरा शाहनवाज आणि शाइस्ता सुहरावर्दी इक्रामुल्ला. शाइस्ता लंडन विद्यापीठाच्या पीएच.डी. होत्या. १९४८मध्ये संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यावर कलमवार चर्चा झाली, तेव्हा पाकिस्तानची बाजू मांडणाऱ्यांत त्या होत्या. पुढे त्या मोरोक्कोत राजदूत झाल्या. पहिले पंतप्रधान लियाकत अली खान यांच्या पत्नी राणा यांनी १९४९मध्ये ‘अपवा’ ही स्त्रियांची देशव्यापी संघटना उभी केली. पतीच्या हत्येनंतर त्या नेदरलँड्समध्ये राजदूत झाल्या आणि १९७३मध्ये सिंधच्या राज्यपाल.

सर्वांत लक्षणीय लढत मात्र फातिमा जिना यांची. त्या व्यवसायाने दंतवैद्य; कोलकात्यात शिकलेल्या आणि १९२०च्या दशकात मुंबईत दवाखाना चालवणाऱ्या. जानेवारी १९६५मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, त्या लष्करशहा अयूब खान यांच्याविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या. स्त्री राष्ट्रप्रमुख होऊ शकत नाही असे सांगणारे फतवे तेव्हा निघाले, पण ते अयूब यांच्या, म्हणजे स्वतःला आधुनिक म्हणवणाऱ्या राजवटीच्या सोयीचे होते. मौलाना मौदूदींची जमात-ए-इस्लामी फातिमांच्या बाजूने उभी होती. धर्म विरुद्ध स्त्री अशी सरळ रेघ इथे ओढता येत नाही. मतदान सर्वसामान्य जनतेचे नव्हतेच. अयूब यांनीच आखलेल्या पद्धतीतले ८०,००० निर्वाचित प्रतिनिधी मत देणार होते. त्यांच्यावर दबाव आणणे सरकारी यंत्रणेला अवघड नव्हते. फातिमा हरल्या, तरी कराची आणि ढाक्यात त्यांनी अयूब यांना मागे टाकले.

बेनझीर यांच्याबद्दलही दोन गोष्टी सरसकट चुकीच्या सांगितल्या जातात. त्या मुस्लिम जगातल्या पहिल्या स्त्री शासक नव्हत्या. दिल्लीची रझिया तेराव्या शतकातली, आणि भोपाळच्या बेगमांनी तर पिढ्यान्‌पिढ्या राज्य केले. मुस्लिमबहुल देशात निवडणुकीतून सरकारप्रमुख झालेल्या त्या पहिल्या स्त्री, हे बरोबर. दुसरे म्हणजे, स्त्री होत्या म्हणूनच त्यांना दोन्ही वेळा (ऑगस्ट १९९० आणि नोव्हेंबर १९९६) काढून टाकले, हे पूर्ण खरे नाही. लष्करशहा झिया-उल-हक यांच्या काळात घटनेत घातलेल्या ज्या अधिकाराने राष्ट्राध्यक्षांनी त्यांची सरकारे बरखास्त केली, त्याच अधिकाराने १९८८मध्ये पंतप्रधान जुनेजो आणि १९९३मध्ये नवाझ शरीफ यांनाही घरी पाठवण्यात आले. पाकिस्तानात आजवर एकाही पंतप्रधानाने पाच वर्षांची मुदत पूर्ण केलेली नाही.

समज: शरियतमुळे स्त्री न्यायाधीश होऊ शकत नाही

हा प्रश्न पाकिस्तानच्या शरियत न्यायालयापुढेच आला होता, तोही झिया यांच्या काळात. स्त्रियांना न्यायाधीश नेमणे इस्लामविरोधी ठरवावे अशी याचिका झाली आणि १९८२मध्ये संघीय शरियत न्यायालयाने ती फेटाळली. त्याच वर्षी ताहिरा सफदर बलुचिस्तानच्या पहिल्या स्त्री दिवाणी न्यायाधीश झाल्या. छत्तीस वर्षांनी, सप्टेंबर २०१८मध्ये, त्यांनी बलुचिस्तान उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्ती म्हणून शपथ घेतली. देशातल्या कोणत्याही उच्च न्यायालयाचे हे पद एखाद्या स्त्रीकडे आल्याची ही पहिली वेळ. मधला टप्पा १९९४चा. बेनझीर यांच्या दुसऱ्या कारकिर्दीत उच्च न्यायालयांवर पाच स्त्रिया नेमल्या गेल्या: कराचीत माजिदा रिझवी, लाहोरला फखरुन्निसा खोखर, नासिरा इक्बाल आणि तलअत याकूब, पेशावरला खालिदा रशीद. पुढे डिसेंबर २०१३मध्ये अशरफ जहाँ यांची नेमणूक झाली ती थेट शरियत न्यायालयावर. म्हणजे स्त्री न्यायाधीश चालते असा निकाल देणाऱ्या न्यायालयाला स्वतःची पहिली स्त्री न्यायाधीश मिळायला तीस वर्षांहून अधिक काळ लागला.

सर्वोच्च न्यायालयाचे दार तर त्याहून उशिरा उघडले. भारतात फातिमा बीवी १९८९मध्ये सर्वोच्च न्यायालयात आल्या. पाकिस्तानात आयेशा मलिक २४ जानेवारी २०२२ रोजी. सप्टेंबर २०२१मध्ये न्यायाधीशांच्या नेमणुका ठरवणाऱ्या न्यायिक आयोगात त्यांच्या नावावर चार-चार अशी बरोबरी झाली आणि प्रस्ताव बारगळला. जानेवारीत पाच विरुद्ध चार मतांनी तो तरला. वकिलांच्या संघटनांनी संप पुकारले. त्यांचा आक्षेप धर्माचा नव्हता, ज्येष्ठतेचा होता. आयेशा मलिक लाहोर उच्च न्यायालयाच्या ज्येष्ठता यादीत चौथ्या होत्या, आणि कनिष्ठांना वर घेण्यासाठी निकष तरी ठरवा, असे वकील म्हणत होते. मागणी अगदीच अवाजवी नव्हती. कनिष्ठ पुरुष न्यायाधीशांच्या बढतीलाही असाच विरोध झाला होता. पण जिथे स्त्रिया मुळात उशिरा आणि मोजक्या संख्येने नेमल्या गेल्या, तिथे निव्वळ ज्येष्ठतेने चालायचे म्हटले तर पहिल्या स्त्रीची पाळी यायला आणखी किती वर्षे लागली असती, याचे उत्तर त्या युक्तिवादात नव्हते. त्यानंतर मात्र वेग आला. पेशावरच्या मुख्य न्यायमूर्ती मुसर्रत हिलाली जुलै २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि जुलै २०२४मध्ये आलिया नीलम लाहोरच्या पहिल्या स्त्री मुख्य न्यायमूर्ती झाल्या.

न्यायपीठावर स्त्री आल्याने काय बदलते, याचे एक उदाहरण आयेशा मलिक लाहोरला असतानाचे आहे. बलात्कारपीडितेची तथाकथित कौमार्य चाचणी त्यांनी जानेवारी २०२१मध्ये बेकायदा ठरवली. या चाचणीला वैद्यकीय आधार नाही आणि तिने आरोपीऐवजी पीडितेचीच चौकशी होते, हा त्या निकालाचा गाभा.

समज: पाकिस्तानी न्यायालयात बाईची साक्ष अर्धी

हे अर्धसत्य आहे, म्हणून जास्त पसरले. १९८४च्या साक्षविषयक कायद्याचे सतरावे कलम आर्थिक व्यवहाराच्या दस्तऐवजांपुरते बोलते: असा करार लेखी झाला असेल तर त्यावर दोन पुरुष किंवा एक पुरुष आणि दोन स्त्रिया यांची साक्ष हवी. इतर बाबतींत एका पुरुषाची किंवा एका स्त्रीची साक्ष न्यायालय ग्राह्य धरू शकते. (हुदूद या इस्लामी दंडकायद्यांतील सर्वांत कडक शिक्षांसाठी पुराव्याचे नियम वेगळे आहेत, आणि ते स्त्रियांना जास्तच जाचक आहेत.) कलम मर्यादित असले तरी अपमान मर्यादित नव्हता. या कायद्याच्या मसुद्याविरुद्ध १२ फेब्रुवारी १९८३ रोजी लाहोरच्या मॉल रोडवरून स्त्रिया उच्च न्यायालयाकडे निघाल्या. त्यांत वकील स्त्रिया पुढे होत्या. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, अश्रुधूर सोडला. १२ फेब्रुवारी हा दिवस आता पाकिस्तानात राष्ट्रीय महिला दिन म्हणून पाळला जातो.

त्या पिढीतले सर्वांत मोठे नाव अस्मा जहांगीर यांचे. वडिलांच्या अटकेविरुद्ध त्यांनी कोवळ्या वयात केलेल्या याचिकेवर १९७२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लष्करशहा याह्या खान यांना सत्ता बळकावणारे ठरवले. ‘अस्मा जिलानी खटला’ तिथल्या घटनाकायद्यात आजही आधाराला घेतला जातो. १९८०मध्ये बहीण हिना जिलानी आणि दोन सहकारी यांच्यासह त्यांनी लाहोरला केवळ स्त्रियांची वकिली संस्था काढली. २०१०मध्ये त्या सर्वोच्च न्यायालयाच्या वकील संघाच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या.

समज: संसदेतल्या स्त्रिया मतदारांनी निवडून दिलेल्या

काही तशा आहेत, बहुतेक नाहीत. राष्ट्रीय सभेच्या ३३६ जागांपैकी ६० स्त्रियांसाठी राखीव आहेत, पण त्यांना मतदारसंघ नसतो. पक्षाने सर्वसाधारण जागा किती जिंकल्या त्या प्रमाणात त्याच्या यादीतल्या स्त्रिया आत येतात, आणि यादीत कोण व कितव्या क्रमांकावर हे पक्षश्रेष्ठी ठरवतात. महाराष्ट्रात सरपंचपदाचे वा नगरपालिकेतले महिला आरक्षण पाहिलेल्या वाचकाला हा फरक पटकन कळेल: इथे आरक्षित प्रभागातली स्त्री मते मागायला दारोदार जाते, तिथल्या राखीव सदस्येला तशी गरज पडत नाही. राखीव जागा सलगही नव्हत्या. १९७३च्या घटनेतली तरतूद ठरावीक मुदतीची होती. १९८८च्या निवडणुकीनंतर ती संपली आणि २००२पर्यंत जागाच नव्हत्या. २०२४च्या निवडणुकीनंतर याच जागांवरून सर्वोच्च न्यायालयात गाजलेला वाद झाला. त्याचा विषय स्त्रिया नव्हत्या. इम्रान खान यांच्या पक्षाच्या वाट्याला किती खुर्च्या जाव्यात, हा होता.

थेट लढून येणाऱ्यांची संख्या तुटपुंजी आहे. २०१८मध्ये राष्ट्रीय सभेच्या सर्वसाधारण जागांवर फक्त आठ स्त्रिया जिंकल्या. २०१७चा निवडणूक कायदा पक्षांना किमान पाच टक्के उमेदवाऱ्या स्त्रियांना देणे भाग पाडतो. पक्ष त्या देतात, पण अनेकदा हरणारच अशा ठिकाणी. त्याच कायद्यातली दुसरी तरतूद अधिक धारदार निघाली. एखाद्या मतदारसंघात झालेल्या मतदानात स्त्रियांची मते दहा टक्क्यांहून कमी असतील तर निवडणूक आयोग तिथली निवडणूक रद्द करू शकतो. २०१८मध्ये खैबर पख्तुनख्वातल्या शांगलाच्या एका विधानसभा मतदारसंघात हेच झाले आणि फेरमतदान घ्यावे लागले. स्त्रियांनी मत द्यायचे नाही असे गावातल्या पुरुषांनी आपसात ठरवण्याची जुनी रीत तिथे पहिल्यांदाच उमेदवाराच्या अंगाशी आली.

समज: वर पोहोचल्या त्या सगळ्या बड्या घरच्या

वरच्या राजकीय पदांबाबत यात बरेच तथ्य आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये पंजाबच्या, आणि एकूणच कोणत्याही प्रांताच्या, पहिल्या स्त्री मुख्यमंत्री झालेल्या मरियम नवाझ माजी पंतप्रधानांच्या कन्या. २००८ ते २०१३ या काळात राष्ट्रीय सभेचे सभापतिपद सांभाळणाऱ्या फहमिदा मिर्झा (भारतात मीरा कुमार त्यांच्यानंतर वर्षाने आल्या) सिंधमधल्या राजकीय घराण्यातल्या. हिना रब्बानी खर २००२मध्ये निवडणुकीला उभ्या राहिल्या त्या मुळात उमेदवाराला पदवी हवी या नव्या अटीमुळे वडिलांना उभे राहता येईना म्हणून. मात्र २००९मध्ये अर्थसंकल्प मांडणारी पहिली स्त्री आणि २०११मध्ये पहिली स्त्री परराष्ट्रमंत्री होण्याइतकी कामगिरी त्यांची स्वतःची. त्या दिल्लीला आल्या तेव्हा भारतीय वाहिन्यांना चर्चेपेक्षा त्यांच्या हँडबॅगचे जास्त कौतुक होते, हेही नोंदवायला हवे.

घराण्याच्या आधाराविना वर येण्याच्या वाटेवर चित्र पालटते. शमशाद अख्तर २००६मध्ये स्टेट बँक ऑफ पाकिस्तानच्या गव्हर्नर झाल्या त्या अर्थतज्ज्ञ म्हणून. स्वाबी जिल्ह्यातल्या निगार जोहर सैन्याच्या वैद्यकीय विभागातून २०२०मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या. पाकिस्तानात हा हुद्दा मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. सिंधमधल्या हिंदू कुटुंबातल्या सुमन बोदानी २०१९मध्ये दिवाणी न्यायाधीश झाल्या, तर जेकबाबादच्या मनीषा रोपेटा पुढे पोलिस उपअधीक्षक. नगरपारकरच्या कृष्णा कुमारी कोल्ही यांचे कुटुंब त्यांच्या बालपणी जमीनदाराकडे वेठीला होते. २०१८मध्ये त्या सिनेटमध्ये गेल्या. त्यांना पहिल्या हिंदू स्त्री सिनेटर म्हणतात ते मात्र चूक. तो मान २००६मध्ये निवडून आलेल्या रत्ना भगवानदास चावला यांचा. कृष्णा कुमारी या दलित समाजातल्या पहिल्या.

लोकसेवेतला एक मोठा स्त्रीसमूह तर अशा याद्यांत येतच नाही. १९९४मध्ये सुरू झालेल्या योजनेतल्या ‘लेडी हेल्थ वर्कर’, म्हणजे भारतातल्या आशा सेविकांच्या अकरा वर्षे आधीच्या, सुमारे एक लाख आहेत. किमान आठवी उत्तीर्ण असलेल्या गावातल्याच स्त्रीने स्वतःच्या घरातून आरोग्य केंद्र चालवायचे, गर्भवतींची नोंद ठेवायची, कुटुंबनियोजनाची साधने पुरवायची आणि पोलिओचे थेंब पाजायला घरोघर जायचे. या शेवटच्या कामात कित्येकींचे जीव गेले. वर्षानुवर्षे त्या तुटपुंज्या मानधनावर राबत होत्या. रस्त्यावर ठिय्या आणि सर्वोच्च न्यायालयात याचिका अशी दुहेरी लढाई करून, २०१२-१३च्या सुमारास त्यांनी किमान वेतन आणि कायम सरकारी नोकरी पदरात पाडून घेतली.