फॉइलचा दिवस

सकाळी ६.४५

दिवाळी तीन आठवड्यांवर आली की सातच्या आत चाकणचा तळेगाव चौक ओलांडावाच लागतो. तेवढं जमलं तर दिवस हाताशी लागतो, नाहीतर पहिल्या शिफ्टच्या बस, कंटेनर आणि नाशिककडे निघालेल्या गाड्या यांच्यात सकाळ जाते. आमचा गाळा मेदनकरवाडीत आहे. शटर वर केलं की आधी फॉइल छापायच्या मशीनचा हीटर चालू करायचा, मग देवापुढे उदबत्ती, मग झाडू. पितळी ब्लॉक एकसारखा तापायला वेळ घेतो, त्यामुळे हा क्रम मोडत नाही. आज शुक्रवार. काल कारखान्यांची सुट्टी आणि महावितरणचा दुरुस्तीचा वार होता, तेव्हा आज वीज टिकेल असं धरून कामाची मांडणी केली आहे.

चाकणमध्ये पॅकिंग म्हटलं की डोळ्यांपुढे येतात कोरुगेटेड खोकी, लाकडी पॅलेट आणि लोखंडी भागाला गंज धरू नये म्हणून चढवलेली व्हीसीआयची पिशवी. म्हाळुंगे, निघोजे, खालुंब्रे, कुरुळी या सगळ्या पट्ट्यात रोज ट्रकच्या ट्रक भरून असं पॅकिंग जातं. माल पोचला की ते फाडून टाकतात, आणि तेच त्याचं काम आहे. आम्ही करतो ती पेटी आणि ते कार्ड घरात राहावं म्हणून केलेलं असतं. मेहनतीचा सगळा फरक तिथून सुरू होतो.

सकाळी ७.३०

मशीन हाताच्या दांड्याचं आहे. वरच्या तापणाऱ्या पाटीला ब्लॉक लावलेला, खाली कागद ठेवायचा पाट, मधून फॉइलची पट्टी. दांडा खाली ओढला की ब्लॉक फॉइलवर आणि फॉइल कागदावर दाबली जाते. दांडा सोडायचा, फॉइल एका दमात उचलायची, खाली सोनेरी छाप.

या सोन्यात सोनं नसतं, हे गिऱ्हाइकाला मी आपणहून सांगते. फॉइल म्हणजे साधारण १२ मायक्रॉनची पॉलिएस्टरची फिल्म. तिच्या पोटाशी उष्णतेने सुटणारा मेणासारखा थर, त्याखाली रंगीत लाखेचा थर, मग निर्वात पेटीत वाफ करून बसवलेलं ॲल्युमिनियम आणि सगळ्यात खाली गरम झाल्यावर चिकटणारा थर. लाख पिवळी असली की ॲल्युमिनियम सोन्यासारखं दिसतं, बिनरंगी असली की चांदीसारखं. धातूचा थर इतका विरळ असतो की तो मायक्रॉनच्या शतांशांत मोजावा लागतो. कागदावर उतरतो तो हा ऐवज. फिल्म रोलवरच राहते.

आकड्यात सांगायचं तर ११० ते १३० अंश सेल्सिअसच्या आसपास काम चालतं. पण आकडा मशीनवर दिसतो तो पाटीचा, ब्लॉकच्या कडेचा नव्हे. तव्याचा ताप जसा पहिल्या पोळीवर कळतो तसा ब्लॉकचा पहिल्या छापावर. म्हणून आधी रद्दी तुकड्यांवर छाप घ्यायचे. ताप कमी असेल तर अक्षर तुटक येतं. जास्त असेल तर चमक मरते, कडा पसरतात आणि अक्षरांची पोटं भरून जातात. ‘शुभ दीपावली’ या दोन शब्दांत हे सगळं पाहायला मिळतं. ‘भ’ची गाठ बुजली की ताप उतरवायचा. ‘शु’चा उकार अर्धा आला की दाब वाढवायचा. शिरोरेषा भरीव आणि लांब, तिला जास्त ताप-दाब लागतो. वेलांटीचं टोक नाजूक, त्याला कमी. एकाच ब्लॉकवर दोघींना खूश करायचं म्हणजे सगळीकडे दाब वाढवून चालत नाही. जिथे छाप फिका पडतो, नेमक्या त्याच जागेखाली पाटावर पतंगाच्या कागदाचा तुकडा चिकटवायचा, पुन्हा छाप घ्यायचा, कमी पडलं तर त्यावर आणखी एक, थोडा लहान. कधी कधी नखाएवढा तुकडाही जास्त होतो. या कामात तास गेला तरी मला तो वाया गेला असं वाटत नाही. पुढचे शेकडो छाप त्याच्यावर उभे असतात.

सकाळी ९

माझ्यासोबत काम करणाऱ्या काकू आल्या. त्या आल्या की आधी कागदाच्या थप्पीला हात लावतात. आज बोटं फिरवून म्हणाल्या, “ताई, हा अजून ओलसर आहे.” परतीचा पाऊस परवापर्यंत पडत होता. हातकागद हवेतली ओल पितो, आणि ओल्या कागदावर तापलेला ब्लॉक पडला की वाफ अडकून फॉइलला फोड येतात. थप्पी सुटी करून दोरीवर चिमट्यांनी लावली, पंखा लावला. दुपारपर्यंत दुसरं काम.

हातकागदाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण आमचं निम्मं काम त्याच्यावर चालतं. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली हातकागद संस्था सुरू झाली. सुती चिंध्यांचा लगदा करून, झाडाला हात न लावता केलेला कागद ही तिची ओळख. आमच्या याच नाशिक रस्त्याने वर जाऊन नारायणगावहून आत वळलं की जुन्नर लागतं. तिथे कागद करणाऱ्या कागदी मंडळींची मोठी वस्ती होती, आणि पेशवाईच्या काळात जुन्नरी कागदाला नाव होतं. म्हणजे चाकणच्या आसपास मोटारी येण्याआधी कागद होता. हे इथल्या शाळेतल्या मुलांना माहीत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हा कागद दिसायला देखणा, पण फॉइलला अवघड. त्याच्या अंगावर उंचसखलपणा असतो. फॉइल उंचवट्यांवर बसते, खळग्यांत पोचत नाही. यावर आमचा उपाय दोन ठोक्यांचा. पहिला ठोका फॉइलशिवाय, नुसत्या गरम ब्लॉकचा. त्याने कागद त्या जागी दबून गुळगुळीत होतो. दुसरा ठोका फॉइल घालून, तंतोतंत त्याच जागी. कागद एका केसाने सरकला तरी अक्षराला सावली पडते, म्हणून पाटावर तीन बाजूंनी खुणेच्या पट्ट्या लावलेल्या असतात. वेळ दुप्पट लागतो, पण छाप कागदात रुतून बसतो आणि बोट फिरवलं तर हाताला लागतो. गिऱ्हाइकाला मी कार्ड दाखवत नाही, हातात देते.

सकाळी १०.३०

नावांचं काम. म्हाळुंग्याच्या एका कंपनीला प्रत्येक कामगाराच्या पेटीवर त्याचं स्वतःचं नाव हवं आहे. प्रत्येक नावाचा पितळी ब्लॉक करणं परवडणारं नाही. त्यासाठी वेगळी युक्ती आहे: नाव लेझर प्रिंटरवर काळ्या टोनरमध्ये छापायचं, त्यावर टोनरला धरणारी फॉइल ठेवायची आणि लॅमिनेटरमधून काढायचं. गरम रोलरखाली टोनर मऊ होतो आणि जिथे टोनर आहे तिथेच फॉइल पकडतो. इंकजेटची शाई कागदात मुरते, तिच्यावर हे होत नाही. खडबडीत हातकागदावरही टोनर सलग बसत नाही, म्हणून नावं गुळगुळीत कार्डशीटवर करून ती पट्टी पेटीवर चिकटवतो.

यादी इंग्रजीत आली होती. काल संध्याकाळी आम्ही ती देवनागरीत उतरवली आणि कंपनीकडे तपासायला पाठवली. आडनावांत फार दगा असतो. रोज रात्रपाळी करणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा सोनेरी अक्षरांत आपलं नाव मिळणार असेल तर ते बरोबरच हवं. नावं मी स्वतः यादीवर बोट ठेवून वाचते.

सकाळी ११.४५

फोन. “मॅडम, सॅम्पल छान आहे, पण अजून थोडं गोल्ड वाढवा ना. सगळं झाकणच गोल्ड केलं तर?”

हा फोन दरवर्षी येतो, आणि माझं उत्तरही ठरलेलं आहे. मोठ्या भरीव जागेखाली हवा अडकते, फोड येतात, ओरखडे लगेच दिसतात, हे झालं तांत्रिक कारण. खरं कारण वेगळं आहे. सोनेरी रंग मोकळ्या जागेमुळे उठतो. लाल किंवा गर्द निळ्या कागदावर एक पणती, तिच्याखाली बारीक रेघ, बस. झाकण पूर्ण सोनेरी केलं की नजर कुठे ठरतच नाही. जुनी माणसं बाशिंगाला, मखराला, ताबुताला बेगड लावत तीसुद्धा रंगीत कागदाच्या मध्ये, कातरून, ठिपक्या-पाकळ्यांसारखी. ती बेगड महाग होती म्हणून जपून लावत असतील, पण त्या जपण्यातून जी नजर तयार झाली ती आजही बरोबर आहे.

मी त्यांना म्हटलं, “दोन नमुने पाठवते, एक तुमच्या मनासारखा, एक माझ्या. जेवणाच्या टेबलावर ठेवा आणि कामगारांना विचारा.”

दुपारी १.१५

डबे. आज भाजी आणि बाजरीची भाकरी. पंधरा मिनिटांत सगळ्या पुन्हा हात धुऊन, पदराला न पुसता कोरड्या फडक्याला पुसून बसल्या. बोटाला तेल असेल तर कागदावर डाग पडतो आणि त्या जागी फॉइल धरत नाही.

दुपारी २

पेट्या. जाड पुठ्ठ्याचा, म्हणजे कप्पा बोर्डाचा सांगाडा, त्यावर कागद चढवायचा. फॉइलचा छाप कागद सपाट असतानाच घ्यायचा आणि मग तो चढवायचा, कारण तयार पेटीवर दाब दिला तर बोर्ड दबतो. पण सपाट कागदावर छाप घेताना कडेला वळण्यासाठी किती कागद जाईल याचा हिशेब आधीच लागतो. काकूंची सून हे नजरेने करते. गोंद लावून कागद बसवताना ती सोनेरी पणतीवर बटर पेपर ठेवते आणि त्यावरून हाडाच्या पट्टीने घासते. पट्टी थेट लागली तर चमकेवर चरा उमटतो.

मध्येच दोन मिनिटं वीज गेली. आली, पण ब्लॉक निवला होता. पुन्हा रद्दी तुकडे, पुन्हा ‘भ’ची गाठ.

दुपारी ३.३०

सकाळी वाळत घातलेला हातकागद आता खडखडीत झाला. त्यावर डिसेंबरची कार्डं. इथल्या एका कारखान्यातले लोक परदेशातल्या सहकाऱ्यांना नाताळ आणि नव्या वर्षाची कार्डं पाठवतात. नाताळचं पहिलं छापील कार्ड विकायला आलं ते लंडनमध्ये, १८४३ साली. हेन्री कोल यांनी ते करवून घेतलं, चित्र जॉन हॉर्सली यांचं आणि रंग हाताने भरलेले. आज अशा कार्डांवर बहुतेक वेळा बर्फ, सूचिपर्णी झाड आणि तारा असतो. आम्ही आमच्या कार्डावर चाकणचा किल्ला घेतला आहे. संग्रामदुर्गाचा एक बुरूज, गेरूच्या रंगात स्क्रीनने छापलेला, आणि तटाच्या माथ्यावरून एकच तांब्याच्या रंगाची फॉइलची रेघ. मागे दोन ओळी: १६६० साली फिरंगोजी नरसाळा यांनी मूठभर माणसांनिशी हा भुईकोट शाहिस्तेखानाच्या फौजेपुढे जवळजवळ दोन महिने लढवला. ज्या गावात त्यांच्या कंपनीचा कारखाना आहे त्या गावाला कारखान्याआधीही इतिहास होता, हे दूरच्या माणसाला कळावं अशी माझी इच्छा आहे. ज्या साहेबांनी हे कार्ड निवडलं त्यांनी त्या ओळी वाचल्यावर किल्ला पाहायचं ठरवलं. आज तिथे पडका तट आणि भोवतीची दाट वस्ती आहे. जपणूक व्हावी तेवढी होत नाही.

तांब्याची फॉइल सोन्यापेक्षा हट्टी. तिचा ताप मी थोडा वाढवते आणि दांडा क्षणभर जास्त धरून ठेवते.

संध्याकाळी ५

तपासणी. प्रत्येक गठ्ठ्यातलं एक कार्ड घेऊन छापावर सेलोटेप दाबून लावायची आणि ओढायची. टेपवर सोनेरी कण आले तर तो गठ्ठा पुन्हा पाहायचा. मग मऊ ब्रशने कडांची भुकटी झाडायची. कार्ड उजेडात तिरपं धरलं की सगळं दिसतं: कुठे टोक राहिलं, कुठे कड फाटली. बाजूला काढलेली कार्डं आम्ही फेकत नाही, त्यांच्या चिठ्ठ्या कापून पेट्यांना बांधतो.

संध्याकाळी ६.१५

वापरून झालेल्या फॉइलचा रोल. यावर दिवसभराचं काम उलटं लिहिलेलं असतं: सोनेरी पट्टीवर पारदर्शक अक्षरं, ओळीने ‘शुभ दीपावली’, जिथे जिथे धातू उतरला तिथे आरपार उजेड. दोन छापांमधलं अंतर नीट बसवलं तर फॉइल कमी वाया जाते. पट्टीवर उरलेल्या मोकळ्या सोनेरी जागा मुली कातरून नेतात, घरच्या आकाशकंदिलाला लावतात.

लोक विचारतात, हे पर्यावरणाला वाईट नाही का? फिल्मचा कचरा होतो, ते खरं आहे, आणि तो आम्ही वेगळा बांधून भंगारवाल्याला देतो. पण कागदावर उतरलेला थर इतका विरळ असतो की असा कागद पुन्हा लगद्यात घालता येतो. अडचण खरी आहे ती अख्ख्या कागदावर चमकदार प्लास्टिकची फिल्म चढवलेल्या डब्यांची. मिठाईच्या दुकानातले बरेचसे झगमगीत डबे तसे असतात. त्यांचा कागद आणि प्लास्टिक एकमेकांपासून सहज सुटत नाहीत. डबा कोपऱ्यात किंचित फाडून पाहा: पातळ पारदर्शक पापुद्रा ताणला जात असेल तर ती फिल्म आहे. तसा डबा नको म्हणून दुकानदाराला सांगता येतं.

संध्याकाळी ७

हीटर बंद. ब्लॉक निवल्याशिवाय काढायचा नाही. उद्याच्या कामाचा मजकूर व्हॉट्सॲपवर आला आहे, आणि त्यात ‘शुभ दिपावली’ असं आहे, पहिली वेलांटी. मी लगेच फोन करून दुसरी करून घेतली.

हाताने केलेलं कार्ड, पेटी किंवा लग्नपत्रिका ज्यांना हवी आहे त्यांना एवढंच सांगणं आहे. घटस्थापनेच्या आधी या, दिवाळीच्या आठवड्यात नको. रंग एक सांगा, सोनं थोडं मागा. आणि मजकूर घरातल्या मराठी नीट येणाऱ्या माणसाकडून वाचून घेऊनच पाठवा. पितळेत कोरलेली वेलांटी नंतर बदलत नाही.