ट्रॅक्टर पाणी पितोय? हेड उघडण्याआधी हे तपासा



मृग तोंडावर आलेला असतो, नांगरट उरकायची घाई असते आणि नेमका तेव्हाच ट्रॅक्टर तापायला लागतो. ड्रायव्हर रेडिएटरमध्ये कळशीभर पाणी ओततो आणि पुन्हा तास धरतो. दुसऱ्या दिवशी दोन कळश्या लागतात. "उन्हाळाच कडक आहे, पाणी पिणारच," असे म्हणून आपण वेळ मारून नेतो.

मी शेतीचा पदवीधर, मिस्त्री नव्हे. पण गावोगाव फिरताना दोन तऱ्हेचे नुकसान पाहिले आहे. एका शेतकऱ्याने आठवडाभर नुसते पाणी भरून काम ओढले. शेवटी इंजिन जाम झाले, खर्च क्रँकपर्यंत गेला आणि पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने करावी लागली. दुसऱ्याने उलट केले. ट्रॅक्टर तापताच "हेड पॅकिंग गेलं" असे समजून हेड उघडवले, नवे पॅकिंग टाकले. चार दिवसांनी ट्रॅक्टर पुन्हा तापला. दोष होता रेडिएटरच्या झाकणात!

म्हणून आजचे सांगणे एवढेच: पाणी कमी झाले तर नुसते भरू नका, ते कुठे गेले ते आधी शोधा.

हेड पॅकिंग म्हणजे काय?

इंजिनचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक आणि वरचा भाग म्हणजे हेड. या दोहोंमध्ये जे पातळ पॅकिंग असते ते हेड गॅस्केट. सिलिंडरमधला जळता वायू, थंडाव्याचे पाणी आणि वंगणाचे ऑइल या तिघांना ते एकमेकांपासून वेगळे ठेवते. इंजिन फार तापले की हेड किंचित वाकते, पॅकिंगवरची पकड सुटते आणि तिघांची सरमिसळ होते. लक्षात घ्या, बहुतेक वेळा आधी इंजिन तापते आणि मग पॅकिंग जाते. पहिले कारण दूर केले नाही, तर नवे पॅकिंगही टिकणार नाही.

पाणी जायला वाटा तीनच: एक बाहेर, दुसरी ऑइलमध्ये, तिसरी सिलिंडरमधून सायलेन्सरवाटे. या तीन वाटा ओळीने तपासाव्यात.

आधी सावधगिरी

गरम इंजिनचे झाकण कधीही उघडू नये. झाकणामुळे आत दाब राहतो. दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो जादा दाब असला, तर पाणी 100 ऐवजी सुमारे 111 अंश सेल्सियसला उकळते. झाकण काढताच दाब उतरतो आणि उकळते पाणी तोंडावर येते. तसेच तापलेल्या इंजिनमध्ये एकदम थंड पाणी ओतू नये. हेडला तडा जाऊ शकतो. सर्व तपासणी सकाळी, थंड इंजिनवर करावी.

पहिली वाट: बाहेर

रात्री रेडिएटर भरून ठेवा. ट्रॅक्टरखाली कोरडा पुठ्ठा पसरा आणि सकाळी डाग कुठे पडले ते पाहा. वरचा व खालचा होज पाईप, त्यांच्या क्लिपा, रेडिएटरचे सांधे, पाणी सोडायचा कॉक आणि ब्लॉकच्या बाजूला बसवलेली पत्र्याची गोल बुचे तपासा. पाण्याच्या पंपाखाली एक छोटे भोक असते. तेथून थेंब पडत असतील, तर पंपाचे सील गेले असे समजावे. जिथे पांढरट किंवा हिरवट खार धरला आहे, तिथून पाणी झिरपते आहे.

मग झाकण पाहा. त्याचे रबर कडक झाले किंवा चिरले, स्प्रिंग ढिली पडली, तर पाणी लवकर उकळून वरच्या नळीवाटे निघून जाते. झाकण स्वस्तात बदलता येते. शेवटी रेडिएटरची जाळी भुशाने व धुळीने बुजली आहे का आणि फॅनचा पट्टा ढिला आहे का, तेही पाहावे. मळणीनंतर हा दोष हमखास आढळतो.

दुसरी वाट: ऑइलमध्ये

ऑइलची काडी बाहेर काढा. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसते का? पातळी न भरता वाढली आहे का? तसे असेल तर ऑइलमध्ये पाणी शिरले आहे. पाणी ऑइलपेक्षा जड. म्हणून रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या चेंबरचा नट जरासा ढिला केला, तर आधी पाणीच ठिबकेल.

मात्र दरवेळी दोष हेड पॅकिंगचाच असतो असे नाही. बऱ्याच ट्रॅक्टरांत लायनरच्या बाहेरून थेट पाणी खेळते. तेथील रबरी रिंग कुजली किंवा लायनरला बारीक भोक पडले, तरी ऑइल दुधाळ होते. ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडासा पिवळट साका दिसला आणि काडीवरचे ऑइल स्वच्छ असले, तर ती बहुधा दमटपणाची वाफ असते. तेवढ्यावरून घाबरू नये.

तिसरी वाट: सिलिंडरमध्ये

रेडिएटर तोंडापर्यंत भरा, झाकण उघडे ठेवा आणि थंड इंजिन चालू करून मंद ठेवा. फॅनपासून हात, धोतर, पदर दूर असू द्या. सुरुवातीला अडकलेल्या हवेचे चार बुडबुडे येतील, ते चालतात. पण बुडबुडे थांबतच नाहीत आणि रेस दिल्यावर वाढतात, तर जळता वायू पाण्यात शिरत असण्याचा संभव मोठा. खात्री करायची तर इंजिन बंद करून फॅनचा पट्टा काढावा आणि पुन्हा मिनिटभरच चालवावे. पाण्याचा पंप फिरत नसतानाही बुडबुडे येतात, तर पॅकिंग गेले किंवा हेडला तडा गेला, असे समजण्यास हरकत नाही. झाकण लावल्यावर, इंजिन गरम होण्याआधीच वरचा होज दगडासारखा टणक होणे ही याचीच दुसरी खूण.

धूरही पाहावा. थंडीत सकाळी थोडा वेळ पांढरा धूर येतोच. डिझेलचा वास येऊन डोळे चुरचुरत असतील, तर ते न जळलेले डिझेल. पण इंजिन गरम झाल्यावरही पांढरी वाफ निघत राहिली आणि पाणीही घटत असेल, तर पाणी सिलिंडरमध्ये जाते आहे.

जीप आणि मोटारगाडीलाही हेच नियम लागू आहेत. शहरातील काही गॅरेजांत निळ्या द्रवाची नळी रेडिएटरच्या तोंडावर धरतात. पाण्यात जळका वायू असला, तर द्रवाचा रंग बदलतो. हेड न उघडता खात्री होते.

खूण पटली तर

ट्रॅक्टर चालवू नका आणि ढकलूनही चालू करू नका. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये ते साचले असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ऑइलमध्ये पाणी असेल तर बेअरिंग जळतात. रेडिएटरमध्ये हळद किंवा पावडर टाकून बारीक गळती तात्पुरती थांबते खरी, पण त्याच गाळाने नळ्या तुंबतात आणि इंजिन आणखी तापते.

मिस्त्रीकडे उभे राहून एवढे करून घ्यावे: हेडची पातळी सरळ पट्टी ठेवून तपासावी, तडा आहे का ते पाहावे. पॅकिंग नवेच टाकावे. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूस, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने आणि पुस्तकातील आकड्याप्रमाणेच आवळावेत. ऑइल व फिल्टर बदलावा. आणि मुख्य म्हणजे, "इंजिन मुळात का तापलं?" हे विचारल्याशिवाय पैसे चुकते करू नयेत.

पुढची काळजी

विहिरीचे खारे पाणी रेडिएटरमध्ये घालू नये. क्षारांचा थर धरतो. स्वच्छ, मृदू पाणी आणि पुस्तकात सांगितलेल्या प्रमाणात कूलंट वापरावे. कूलंट चवीला गोडसर पण विषारी असते. काढलेले कूलंट घमेल्यात उघडे ठेवू नका. जनावर किंवा कुत्रे तोंड घालील. मुलांपासूनही ते दूर ठेवा.

काम चालू असताना काटा तांबड्याकडे गेला की लगेच भार उतरवा. पाणी गेलेले दिसले तर इंजिन तत्काळ बंद करा. तासभर थांबल्याने एक वाफसा जात नाही, पण इंजिन गेले तर हंगाम जातो.

रोज सकाळी ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी पाणी, ऑइलची काडी आणि ट्रॅक्टरखालची जमीन पाहायची सवय लावून घ्या. पाच मिनिटांचे काम आहे. हे पत्रक शेडमध्ये ड्रायव्हरच्या नजरेस पडेल असे चिकटवा, आणि काही शंका राहिली तर कार्यक्रमाला जरूर पत्र लिहा.