तामतोक : वास्तेकांचे गाव

प्राचीन मेक्सिको म्हटले की माया आणि अॅझटेक ही दोनच नावे आपल्या ओठी येतात. तिसरे नाव आहे वास्तेक लोकांचे. मेक्सिकोच्या आखातालगतच्या सुपीक मुलखात हे लोक पूर्वापार राहत आले. त्यांची भाषा माया कुळातली. परंतु आपल्या भावंडांपासून ती फार पूर्वीच दूर पडली.

तामतोक हे त्यांचे प्राचीन स्थळ. सान लुइस पोतोसी राज्यात, ताम्पाओन नदीच्या काठी ते वसले आहे. २००६ साली ते लोकांना पाहण्यासाठी खुले झाले. तिथे जाणाऱ्याने उंच दगडी पिरॅमिड डोळ्यांपुढे ठेवू नये. माती-दगडांचे चौथरे, मोकळे चौक आणि पाण्याचे पाट असे ते गाव आहे. चौथरे पुष्कळसे गोल; गोल बांधणी ही वास्तेकांची खूणच होय.

२००५ साली तिथल्या पाटाजवळ काम चालू असता एक कोरीव शिळा हाती लागली. लांबी सुमारे ७ मीटर, वजन ३० टनांहून अधिक. तिच्यावर तीन स्त्रिया आहेत. मधलीचा चेहरा कवटीचा, बाजूच्या दोघी शिरविहीन. पाणी आणि सुफलता यांच्याशी अभ्यासक तिचा संबंध जोडतात. आता जरा हिशेब करा. त्या काळी तिथे बैल नव्हता, घोडा नव्हता, गाडा नव्हता. शिळा हलली ती माणसांच्या बळावर. एवढे ओझे हलवायला किती माणसांचा मेळ लागतो, हे कामगाराला समजावून सांगावे लागत नाही.

पुढे १५२२ साली कोर्तेसने हा पानुको प्रांत जिंकला. १५२७ मध्ये नुन्यो दे गुस्मान तिथला गव्हर्नर झाला. त्याने हजारो माणसे गुलाम म्हणून कॅरिबियन बेटांवर धाडली आणि बदल्यात गुरे आणवली. मेक्सिकोचे बिशप सुमारागा यांनी १५२९ साली स्पेनच्या राजाला पत्र लिहून याविरुद्ध तक्रार केली. माणूस देऊन जनावर घेण्याचा हा व्यापार सरकारी अधिकारानेच चालला होता!

तरीही ते लोक संपले नाहीत. लाखाहून अधिक माणसे आज वास्तेक भाषा बोलतात आणि स्वतःला 'तेनेक' म्हणवतात. त्यांच्या भाषेत 'ताम' म्हणजे ठिकाण. तामतोक, तामुइन, ताम्पिको ही नावे त्यांनीच ठेवलेली. तेव्हा या जागेला लुप्त जमातीचे अवशेष म्हणू नये. त्या शिळेचे वारस हयात आहेत. तिथे जाल तेव्हा शिळेइतकीच त्यांचीही चौकशी करा.